गालिच्याखालची ओल

न्यू जर्सीत मराठी घरी पहिल्यांदा जेवायला गेलं की घर दाखवण्याचा कार्यक्रम ठरलेला. आधी स्वयंपाकघर, मग वरच्या खोल्या, मग मागचं डेक, आणि सगळं उरकल्यावर यजमान म्हणतात, ‘चला, आता खाली.’ बेसमेंट नुसतंच असेल तर जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच हात दाखवून ते मोकळे होतात. खाली फर्नेस, गरम पाण्याची टाकी आणि भारतातून आलेल्या रिकाम्या बॅगा, त्यात काय बघायचं? पण बेसमेंट ‘फिनिश’ केलेलं असेल तर पाहुण्याची सुटका नाही. खाली उतरायचं, चपला काढायच्या, पायाखालचा मऊपणा जाणवला आहे असा चेहरा करायचा आणि ‘कार्पेट छान आहे हो’ म्हणायचं.

एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, ब्रिजवॉटर या पट्ट्यात बेसमेंट म्हणजे मराठी माणसाचं घरगुती सांस्कृतिक सभागृह आहे. मंडळाच्या एकांकिकेची तालीम तिथे, मुलांचा रविवारचा मराठीचा वर्ग तिथे, गणपती तिथे, दौऱ्यावर आलेल्या गायकाची खासगी मैफलही तिथेच. वरच्या मजल्यावर लाकडी जमीन लागते, कारण घर विकताना ती किमतीत धरली जाते. खाली कार्पेट लागतं, कारण खाली माणसं बसणार असतात, आणि तीही मांडी घालून. चाळीस माणसं आरतीला आली तर चाळीस खुर्च्या कुठून आणायच्या?

म्हणून बहुतेक घरी विषय निघतो तो रंगाचा. दुकानातून नमुन्यांची जाड वही घरी येते, बायको करड्याकडे झुकते, नवरा ‘डाग दिसणार नाहीत असा’ म्हणतो, मुलं फोनमधून मान वर काढत नाहीत. दुकानाचा माणूस फीत लावून खोली मोजतो, दर सांगतो, तारीख देतो. जमिनीला हात कुणीच लावत नाही. मला या सगळ्या व्यवहारातली गडबड इथेच वाटते. बेसमेंटमधलं कार्पेट हे आधी पाण्याचं काम आहे, मग हवेचं, आणि शेवटच्या एका दिवसापुरतं कार्पेटचं. लोक तो शेवटचा दिवस आधी उरकून घेतात आणि पाण्या-हवेचा हिशेब मग पुढची दहा वर्षं नाकाने भरतात.

मुळात बेसमेंट हौसेतून आलेलं नाही. कडक थंडीत जमिनीतलं पाणी गोठतं आणि गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. त्या मातीवर पाया टेकलेला असेल तर पायाच वर उचलला जातो. म्हणून माती जिथवर गोठते त्याच्याही खाली पाया न्यावा लागतो. न्यू जर्सीच्या उत्तर भागात ही खोली तीन फुटांच्या आसपास धरतात, शिकागोकडे साडेतीन, मिनेसोटाच्या उत्तर टोकाला पाच. एवढं खणायचंच आहे तर आणखी चार-पाच फूट खणून घराखाली घराएवढी खोली का काढू नये, असा हा व्यवहार. टेक्सासमध्ये हा प्रश्न येत नाही, त्यामुळे तिथे बेसमेंटही फारसं दिसत नाही. डॅलसच्या मराठी मंडळींनी हा लेख दुसऱ्याची गंमत म्हणून वाचावा.

खोली झाली, पण चारही बाजूंना माती आणि खालीही माती. खालची जमीन म्हणजे साधारण चार इंचांचा काँक्रीटचा थर. त्याच्याखाली खडी, आणि घर अलीकडच्या काळातलं असेल तर खडी आणि काँक्रीटच्या मधे प्लास्टिकचा कागद. जुन्या घरांत हा कागद बहुधा नसतोच. काँक्रीट दगडासारखं वाटतं, पण ओतताना त्यात सिमेंटच्या गरजेपेक्षा बरंच जास्त पाणी घालावं लागतं, नाहीतर ते पसरत नाही. हे जादा पाणी हळूहळू उडून जातं आणि जाताना केसाहून बारीक वाटांचं जाळं मागे ठेवतं. पुढे त्याच वाटांनी खालची ओल वर चढते. नव्या काँक्रीटला वाळायला इंचामागे एक महिना, असा बांधकामवाल्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे चार इंचांना चार महिने, आणि तेही हवा कोरडी असेल तर.

ओल आली होती की नाही, हे जमीन स्वतःच सांगते. कडेकडेने पांढरी, बोटाला लागणारी पूड दिसली की तो लोणा. आपल्याकडच्या जुन्या भिंतींना लागतो तोच. पाणी क्षार घेऊन वर येतं, स्वतः उडून जातं आणि क्षार तिथेच ठेवून जातं. एका घरी यजमानांनी मला अभिमानाने सांगितलं होतं, ‘पूर्वी इथे पांढरं पांढरं यायचं, कार्पेट टाकल्यापासून बंद झालं.’ बंद झालं नव्हतं, दिसायचं थांबलं होतं. पण जेवणाचं आमंत्रण होतं, मी काही बोललो नाही.

पाण्याचा बंदोबस्त म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठा खर्च येतो. भिंतीलगत जमीन फोडून आत छिद्रांचा पाइप टाकायचा, तो एका खड्ड्यात आणायचा आणि खड्ड्यात सम्प पंप बसवायचा. पुष्कळ घरांना हे लागतंच. पण कित्येक बेसमेंटांत येणारं पाणी हे जमिनीतलं नसतं, ते छपरावरचं असतं. हिशेब करून बघा. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे दोन हजार तीनशे साठ लिटर पाणी होतं. ते पन्हाळीतून खाली येतं आणि पन्हाळीचा पाइप जर भिंतीच्या बुडाशीच संपत असेल तर ते सगळं पाणी आपणच पायात ओततो आहोत. त्या पाइपाला पाच-सहा फुटांचा जोड द्यायचा, पन्हाळीत साठलेली पानं काढायची, आणि घराभोवतीची माती भिंतीपासून उतरती करायची. अमेरिकेतला घरबांधणीचा नमुना कायदा पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार मागतो. नवीन घरात तो असतो. वीस वर्षांत माती दबते, भिंतीलगत फुलझाडांचे वाफे होतात आणि उतार उलटा होतो. कोथिंबीर आणि मेथीसाठी भिंतीलगत जो वाफा हौसेने केलेला असतो, तोही यातलाच एक गुन्हेगार. जमीन फोडणारा ठेकेदार बोलावण्याआधी एका मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारावी, हा सल्ला फुकट आहे आणि बहुतेक कुणी पाळत नाही.

आता हवा. इथे आपली देशी शहाणीव नेमकी उलटी पडते.

एडिसनमधल्या एका घरची गोष्ट. मुलगा-सून दोघं नोकरीला, पुण्याहून आजोबा-आजी सहा महिन्यांसाठी आलेले. बेसमेंटमध्ये कुबट वास येतो हे आजोबांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. आयुष्य सदाशिव पेठेत गेलेलं, उपाय ठाऊक होता. रोज सकाळी खाली जायचं, वरच्या कडेला असलेल्या त्या बुटक्या खिडक्या उघडायच्या आणि पंखा लावायचा. जुलै महिना होता. वास कमी होण्याऐवजी वाढला. जिन्याखाली ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची बुडं मऊ पडली.

‘बाबा, खिडक्या बंद ठेवा,’ मुलगा म्हणाला.

‘अरे, कोंदट झालंय सगळं! हवा खेळती नको का राहायला?’

‘तीच हवा पाणी आणतेय.’

हे ऐकून आजोबांनी मुलाकडे ज्या नजरेने पाहिलं ती मुलाने मला करून दाखवली. पण मुलाचं बरोबर होतं. न्यू जर्सीतला जुलै कोरडा नसतो. बाहेर ३० अंश सेल्सियस आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा सुमारे २१ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटायला लागतं. बेसमेंटचं काँक्रीट मातीला टेकलेलं असतं, आणि इथली माती थोड्या खोलीवर वर्षभर थंडच. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही ती जमीन १८-१९ अंशांवर असू शकते. बाहेरची हवा आत आली, जमिनीला लागली आणि तिने पाणी टाकलं. कोकणात पावसाच्या तोंडाशी शहाबादी फरशीला जो घाम सुटतो, तो असाच वरून येतो, खालून नाही. तिथे आपण फडकं फिरवतो. इथे त्या घामावर कार्पेट असतं.

आणि कार्पेट प्रकरण आणखी बिघडवतं. कार्पेट आणि त्याखालचं पॅड ही पांघरुणं आहेत. ती खोलीतली ऊब खाली काँक्रीटपर्यंत पोचू देत नाहीत, त्यामुळे उघडं असताना १९ अंशांवर असलेलं काँक्रीट झाकल्यावर १७ वर येतं. हवा मात्र कार्पेटमधून आरपार जाते. खोलीत २४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा १७ अंशांच्या काँक्रीटजवळ गेल्यावर तिथली आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे जाते. वर बसलेल्यांना खोली सुखाची वाटते आणि अर्ध्या इंचाखाली बुरशीला हवा तसा पावसाळा चालू असतो. कार्पेट जितकं गुबगुबीत, तितकं खालचं काँक्रीट गार. दुकानात ‘बेसमेंटला थंडी वाजते ना, मग जाड पॅड घ्या’ असं सांगतात, ते म्हणूनच मला खटकतं.

आता तीच खोली २४ अंशांवरच ठेवून आर्द्रता ४५ टक्क्यांवर आणली, तर कार्पेटखालचा आकडा ७० च्या आसपास येतो. बुरशीला एवढं पुरत नाही. म्हणजे खिडक्या बंद, आणि मे ते ऑक्टोबर डिह्युमिडिफायर चालू. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवा, ६० च्या वर जाऊ देऊ नका, असं अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचंही सांगणं आहे. यंत्र घेताना एक गंमत लक्षात ठेवावी. खोक्यावर दिवसाला किती पाइंट पाणी काढतं ते लिहिलेलं असतं. हा आकडा २०१९ पर्यंत ८० अंश फॅरनहाइटच्या उबदार हवेत मोजायचे, आता ६५ अंशांत मोजतात. त्यामुळे पूर्वी ७० पाइंटचं म्हणून विकलं जाणारं यंत्र आता ५० च्या आसपास मोजलं जातं. यंत्र तेच. जुन्या आकड्याच्या हिशेबाने जुनंच यंत्र शेजाऱ्याकडून स्वस्तात घेऊन फसगत करून घेऊ नये. आणि त्याची पाण्याची बादली रोज ओतायचा नेम कुणाच्याच घरी महिनाभराच्या वर टिकत नाही, म्हणून नळी थेट सम्पच्या खड्ड्यात सोडून द्यावी.

जमीन कोरडी आहे की नाही हे हात लावून कळत नाही. सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे दीड फूट बाय दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर सीलबंद करायचा आणि निदान सोळा तास ठेवायचा. उचलल्यावर खालच्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा काँक्रीटवर काळपट डाग दिसला, तर थांबायचं. दुसरी चाचणी कॅल्शियम क्लोराइडची. वजन केलेली त्याची वाटी एका झाकणाखाली साठ ते बहात्तर तास जमिनीवर ठेवतात आणि पुन्हा वजन करतात. जितकं वाढलं, तितकी वाफ जमिनीतून आली. तिसरी आणि जास्त भरवशाची चाचणी म्हणजे काँक्रीटच्या जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडून आत आर्द्रतामापक बसवणं. कारण वरचा पृष्ठभाग हीटर लावून एका दिवसात वाळवता येतो, पण पोट ओलंच राहतं. हिवाळ्यात, फर्नेस चालू असताना घेतलेली चाचणी मनाला फार समाधान देते. खरी परीक्षा वसंतातल्या पावसानंतरची.

चाचणी करताना जमिनीवर नऊ इंच बाय नऊ इंचांच्या जुन्या टाइल दिसल्या, तर हातोडा खाली ठेवायचा. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या या टाइलमध्ये आणि त्याखालच्या काळ्या डिंकात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. धक्का लावला नाही तर त्या निवांत पडून असतात. त्यांच्यातून खिळे ठोकले, भोकं पाडली, घासल्या, की धोका हवेत जातो. आधी प्रयोगशाळेत नमुना द्यायचा, बाकी सगळं नंतर.

भेगांचाही विचार याच टप्प्यावर करायचा, आणि तो केवळ पाण्यासाठी नाही. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस हा अणुवीज केंद्रातला अभियंता कामावर येताना केंद्रातली किरणोत्साराची घंटा वाजवायला लागला, बाहेर जाताना नव्हे. शोध घेतला तेव्हा त्याच्या घरातच जमिनीतून येणारा रेडॉन वायू भयंकर प्रमाणात सापडला. त्याच खडकाचा पट्टा उत्तर न्यू जर्सीतूनही जातो. रेडॉन भेगांतूनच आत शिरतो आणि कार्पेट तो अडवत नाही. ज्या बेसमेंटमध्ये मुलं रोज संध्याकाळी खेळणार, तिथली रेडॉनची चाचणी कार्पेटच्या आधी व्हावी, आणि लागला तर काँक्रीटखालून हवा ओढून छपरावर सोडणारा पाइपही आधीच बसावा.

एवढं सगळं पार पडलं की मग कार्पेटवाले.

एडिसनच्या त्याच घरी ते आले तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. घर नव्वदच्या दशकातलं, काँक्रीटखाली प्लास्टिक घातलेलं, चाचण्या ठीक आलेल्या. काम करणारे दोघे भाऊ, मूळचे इक्वाडोरचे. कार्पेटचा बारा फूट रुंदीचा रोल आदल्या दिवशीच आणून बेसमेंटमध्ये ठेवला होता, त्याला खोलीची हवा लागावी म्हणून. थंड ट्रकमधून आणून लगेच अंथरलेलं कार्पेट पुढे सैल पडतं.

मोठ्या भावाने पहिल्यांदा जुनं कार्पेट कोपऱ्यातून पक्कडीने उपटलं आणि भिंतीलगतची लाकडी पट्टी न्याहाळली. इंचभर रुंदीची ही पट्टी, तिच्यावर तिरप्या टोकदार खिळ्यांच्या ओळी, टोकं भिंतीकडे झुकलेली. कार्पेट याच टोकांवर अडकतं. ‘इथे बघा,’ तो म्हणाला. तीन भिंतींजवळचे खिळे चकचकीत होते. जिन्यासमोरच्या भिंतीजवळ मात्र सहा-सात फुटांपर्यंत खिळे तांबूस, लाकूड काळपट. त्या भिंतीच्या बाहेर पन्हाळीचा पाइप उतरत होता. घरमालकाने तिथे कधी पाणी पाहिलं नव्हतं. आलेलं पाणी खिळ्यांनी नोंदवून ठेवलं होतं. पाइपाला जोड देण्याचं काम त्यानंतर तासाभरात झालं.

पट्टी काँक्रीटवर ठोकणं हे लाकडावर ठोकण्याइतकं सरळ नाही. तिच्यात आधीच बसवलेले कडक पोलादी खिळे असतात. जुनं काँक्रीट कधी खिळाच वाकवतं, तर कधी तेवढ्या जागेचा खवला उडतो. धाकट्याने चार-पाच ठिकाणी असा खवला उडवल्यावर मुकाट्याने गोंदाची बंदूक काढली. पट्टी आणि भिंत यांत कार्पेटच्या जाडीहून थोडी कमी फट ठेवायची असते. शेवटी कार्पेटची कड त्याच फटीत कोंबून गायब करतात. फट जास्त झाली तर कड बसत नाही, कमी झाली तर फुगते.

मग पॅड. स्वस्त पॅड म्हणजे रंगीबेरंगी फोमच्या तुकड्यांचा दाबून केलेला पट्टा. दिसायला चिवड्यासारखा, आणि पाणी प्यायला तितकाच तयार. बेसमेंटसाठी पातळ, दाट, पाणी न पिणारा कृत्रिम धाग्यांचा किंवा रबराचा पॅड घ्यावा. या घरी तोच घेतला होता. पॅडचे जोड आणि कार्पेटचा जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, हेही मला तिथेच कळलं.

खोली बारा फुटांपेक्षा रुंद, म्हणून कार्पेटला एक जोड आलाच. तो कुठे येणार हे दुकानदार आधी सांगत नाहीत, आणि विचारायचं आपल्याला सुचत नाही. टीव्हीसमोर, खिडकीच्या उजेडात आडवा आला तर तो आयुष्यभर दिसतो. मोठ्या भावाने दोन्ही तुकड्यांची लव हाताने चोळून एकाच दिशेला आहे ना ते पाहिलं, कारण उलटसुलट झाली तर एकाच कार्पेटचे दोन रंग दिसतात. मग धाग्यांच्या दोन ओळींमधून सुरी चालवून कडा सारख्या केल्या, खाली गोंदाची पट्टी ठेवली, तिच्यावरून खास इस्त्री हळूहळू पुढे सरकवली आणि इस्त्रीच्या मागोमाग दोन्ही कडा बोटांनी दाबत गेला. चोवीस फुटांचा जोड, एकदाही न थांबता. थांबलं की गोंद थंड होतो.

तुकडा उलटा पडला होता तेव्हा त्याची पाठ नीट बघता आली. वर धागे, खाली जाळी, मधे लेटेक्सचा थर. हा प्रकार आला जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन या गावातून. तिथे १८९५ च्या सुमाराला कॅथरीन एव्हान्स नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने कापडात सुताचे टाके घालून, ते कापून, फुगवून पलंगपोस केला. १९०० मध्ये तसाच एक अडीच डॉलरला विकला. पुढे गावोगावच्या बायका हेच करू लागल्या. हायवेच्या कडेला दोऱ्यांवर मोरांच्या नक्षीचे पलंगपोस वाळत घातल्यासारखे विकायला टांगलेले असत, म्हणून त्या रस्त्याला ‘पीकॉक अॅली’ म्हणत. मग यंत्रं आली, यंत्रं रुंद झाली आणि पलंगपोसाचं कार्पेट झालं. १९५० मध्ये अमेरिकेतलं बहुतेक कार्पेट मागावर विणलेलं होतं. आज नव्वद टक्क्यांहून जास्त डाल्टनच्या टाक्याचं आहे. पूर्वी या कार्पेटच्या पाठीला ज्यूट असायचा. ओल लागली की तो कुजायचा आणि त्याचा तपकिरी रंग वर चढायचा. आता पॉलिप्रॉपिलीन असतं, ते कुजत नाही. त्यामुळे ‘हे कार्पेट बेसमेंटला चालतं’ असं दुकानात छातीठोक सांगतात. कार्पेट कुजणार नाही, खरंच आहे. पण लेटेक्स सतत ओलं राहिलं तर सुटतं, आणि धाग्यांत साठलेल्या घरच्या धुळीवर, त्वचेच्या कणांवर बुरशी खुशाल जगते. तिला ज्यूटची गरज नाही.

ताण देण्याचं काम शेवटी. यासाठी दोन हत्यारं. एक नी किकर, हातभर लांबीचं. पुढे दात आणि मागे गादी. दात कार्पेटमध्ये रुतवायचे आणि गादीवर गुडघ्याने लाथ मारायची. दुसरं पॉवर स्ट्रेचर, म्हणजे समोरच्या भिंतीपर्यंत जाणारा लांब दांडा, ज्याचा खटका दाबून कार्पेट ओढलं जातं. कार्पेट उद्योगाचे नियम सांगतात की लांबी-रुंदीत एक ते दीड टक्का ताण द्यावा, म्हणजे चोवीस फुटांच्या खोलीत तीन-चार इंच. एवढं नुसत्या गुडघ्याने होत नाही. ज्यांनी गुडघ्यावर भागवलं त्यांच्या कार्पेटला दोन वर्षांत लाटा येतात.

त्यांच्या गुडघ्यांना काय येतं ते १९९० मध्ये नायॉश या अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने सांगून ठेवलं आहे. कार्पेट बसवणारे देशाच्या कामगारांत ०.०६ टक्क्यांहूनही कमी, पण गुडघ्याच्या दुखण्यांसाठी भरपाई मागणाऱ्यांत त्यांचा वाटा ६.२ टक्के. मोठ्या भावाकडे दोन्ही हत्यारं होती. स्ट्रेचर ट्रकमधून उतरवणं, जोडणं यात वेळ जातो, आणि पैसे चौरस यार्डावर मिळतात, तासावर नाही. ‘ठेकेदार विचारत नाही,’ तो म्हणाला, ‘पण मी पंचेचाळीसचा आहे.’ धाकटा तोवर कोपऱ्यात गुडघ्याने लाथा मारत होता. घरच्या वहिनींनी दोघांना चहा आणि चकल्या दिल्या, तेव्हा मोठा खाली बसला नाही. उभ्यानेच चहा प्यायला.

दुसऱ्या वाटाही आहेत. बेसमेंटच्या ओलीवर आयुष्य घालवलेले जोसेफ ल्स्टिब्युरेक यांच्यासारखे इमारत-विज्ञानाचे जाणकार काँक्रीटवर थेट कार्पेट टाकायला राजी नसतात. आधी कडक फोमचे तक्ते, त्यावर प्लायवुड, मग हवं ते. फोममुळे कार्पेट गार काँक्रीटपासून तुटतं आणि मघाचं सगळं गणितच बदलतं. माझंही मत पैसे आणि उंची असेल तर हेच करावं असं आहे. अडचण उंचीची येते. जुन्या बेसमेंटचं छत जेमतेम सात फूट, त्यातले दोन इंच गेले की उंच माणसाचं डोकं पाइपाला लागतं. शिवाय जिन्याची शेवटची पायरी तेवढीच बुटकी होते. पायऱ्यांच्या उंचीत इंचाच्या तीन-अष्टमांशांहून जास्त फरक नमुना कायद्याला चालत नाही, कारण पाय सवयीने पडतो आणि माणूस तोंडघशी. दुसरा पर्याय कार्पेटच्या सुट्या चौकोनांचा. दिसायला ऑफिससारखं, हे खरं. पण एक कोपरा भिजला तर तेवढे आठ-दहा चौकोन उचलून उन्हात टाकता येतात. ज्याच्या घरी पाणी एकदा आलेलं आहे त्याने मऊपणाचा हट्ट सोडून हेच घ्यावं.

पाणी एकदा आलेलं आहे, असं मध्य जर्सीत म्हटलं की लोक साल विचारत नाहीत. १ सप्टेंबर २०२१. आयडा वादळाचे अवशेष त्या संध्याकाळी इथवर पोचले आणि नेवार्कमध्ये एका दिवसात ८.४१ इंच पाऊस नोंदला गेला. गणेश चतुर्थी दहा तारखेला होती. किती घरी मखराचं सामान, कनाती, आरास खाली काढून ठेवलेली होती! पण नुकसान सामानापुरतं ज्यांचं झालं ते नशीबवान. न्यू यॉर्क शहरात त्या रात्री तेरा माणसं गेली, त्यातली अकरा बेसमेंटमधल्या बिऱ्हाडांत. स्वस्त भाड्यात राहणारी, बहुतेक बाहेरून आलेली माणसं. आपल्या फिनिश्ड बेसमेंटच्या गप्पांत हे आठवलं की घास अडकतो.

भिजलेलं कार्पेट चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळलं नाही तर बुरशी धरते. पाणी स्वच्छ असेल तर पॅड फेकून कार्पेट वाचवता येतं. सांडपाणी असेल तर काहीच ठेवायचं नाही, आजीने दिलेली सतरंजी असली तरी. आयडानंतर विम्याचे कागद बाहेर निघाले तेव्हा पुष्कळांना एक गोष्ट नव्याने कळली. साध्या घरविम्यात पूर येत नाही. त्यासाठी सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घेतलेला असला तरी त्यात बेसमेंटमधला फर्नेस येतो, गरम पाण्याची टाकी येते, सम्प पंपही येतो. कार्पेट येत नाही. सम्प पंप बंद पडून वर आलेल्या पाण्यासाठी घरविम्यालाच एक वेगळी पुरवणी जोडावी लागते, ती कुणी आपणहून सांगत नाही. आणि पंप बंद पडतो तो नेमका वादळात, कारण वादळात वीज जाते. २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी हेच झालं होतं.

एडिसनच्या त्या घरी कार्पेट झाल्यावर मोठा पडदा आणि प्रोजेक्टर घ्यायचं ठरलं होतं. सुनेने विम्याचं हे कलम वाचून दाखवलं आणि तो बेत पुढच्या वर्षावर गेला. त्या पैशात बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवायचा आहे. आजोबांनी तीन प्लंबरांकडून दर मागवलेत आणि तिघांनाही खिडक्या बंद ठेवण्याबद्दल त्यांचं मत विचारलं आहे.